कापरा किनारा

विठोजीराव मेष्ट्रूंना कुणी विचारलं असतं की देवानं तुम्हाला काय दिलं, तर घर, बायको, लग्न होऊन गेलेल्या दोन लेकी हे सगळं त्यांनी मागाहून सांगितलं असतं. आधी उजवा हात पुढे केला असता. मेष्ट्रु म्हणजे मास्तर; बेंगळुरात पिढ्या गेलेल्या मराठी घरांत मास्तरांना मास्तर कुणी म्हणत नाही. तर या मेष्ट्रूंना आपल्या हाताचा गर्व होता. गर्वाचं घर खाली असतं हे खरं, पण हातच तसा होता, त्याला कोण काय करणार.

बसवनगुडीतल्या एका शाळेत ते एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. वर्गात आले की खडू फळ्याच्या डाव्या अंगाला, कच्छच्या टोकावर टेकवायचे. तिथून निघालेला खडू पुन्हा कच्छला येईपर्यंत फळ्यावरून उचलायचा नाही. सौराष्ट्राचं नाक, खंबायतचं आखात, कोकण-कारवारचा सरळ उतार, कन्याकुमारी, तिकडून वर गोदावरीच्या मुखाचा फुगवटा, बंगालच्या चिंध्या, ईशान्येची लोंबती पिशवी, हिमालय, काश्मीर आणि राजस्थानच्या वाळूतून खाली. एका रेघेत अख्खा हिंदुस्थान. मुलांनी फारच गळ घातली तर डोळे मिटून.

मुलांना त्यांचा नियम एकच. ‘माझा हात जिथे, तिथे तुमची पेन्सिल. पुढे पळायचं नाही, मागे रेंगाळायचं नाही. मी काढीन तेच काढायचं, आपली अक्कल त्यात घालायची नाही.’ नियम जुलमी होता, पण लागू पडायचा. हात कोकणात आला की ते पाऊस सांगायचे, मद्रासच्या वर गेला की वादळं सांगायचे, आणि सांगता सांगता रेघ पुढे जायची. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस पन्नाशीतही वर्तमानपत्राच्या कडेला बिनचूक हिंदुस्थान काढून दाखवायचा, मग तो बँकेत साहेब असो नाहीतर यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या गोणी उतरवून घेत असो.

घर गविपुरमला. शहाजीराजांच्या घोडदळाबरोबर आमचे पूर्वज इकडे आले असं मेष्ट्रु सांगत. तो घोडा कुणी पाहिलेला नाही. पण तीनेकशे वर्षांत घरातली मराठी कन्नडच्या शेजारानं चांगली मुरली होती, आणि पुण्याहून आलेला कुणी तिला हसला की मेष्ट्रु म्हणायचे, ‘हसा. तुमची मराठी तीनशे वर्षं परगावी राहू दे, मग बघू किती उरते.’

सत्त्याण्णव सालच्या उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, कडुनिंब आणि गूळ तोंडात टाकताना त्यांच्या बोटांतून गूळ सांडला. आठवड्याभरानं कॉफीचा पेला खालच्या वाटीवर किणकिणायला लागला. हात मांडीवर असला की गप्प असायचा. काही करायला उचलला की कापायचा. जणू काम म्हटलं की घाबरणारा नवा नोकर. बायको सकवारबाईंनी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि एकात एक गोल काढायला सांगितले. मेष्ट्रूंनी काढले. डॉक्टरांनी कागद बघून फाईलला लावला.

‘जिवाला धोका नाही,’ ते म्हणाले. ‘गोळ्या देतो, थोडा आराम पडेल. पण हे जाणारं नाही, हळूहळू वाढणारंच आहे. तुम्ही करता काय?’

‘नकाशे काढतो,’ मेष्ट्रु म्हणाले.

रिक्षात सकवारबाई म्हणाल्या, ‘अहो, शाळेत सांगून टाका. हात काय चोरून आणलाय?’ मेष्ट्रूंनी मान दुसरीकडे वळवली. सांगायचं नव्हतं, कारण शाळेत एक खुर्ची होती.

त्या खुर्चीची गोष्ट अशी. कन्नड शिकवणारे बसवंत मेष्ट्रु, आवाज असा की मैदानाच्या पलीकडे कविता ऐकू जायची. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. संस्था माणुसकीची. त्यांना काढलं नाही. जिन्याखाली, वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटांशेजारी एक खुर्ची दिली. अडीच वर्षं बसवंत मेष्ट्रु त्या खुर्चीत बसले. पहिल्या वर्षी मुलं जाता-येता नमस्कार करत, दुसऱ्या वर्षी नवी मुलं आली ती त्यांना वॉचमन समजायची. ते निवृत्त झाले, खुर्ची राहिली. विठोजीरावांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि रोज चार वेळा जिना उतरताना ती खुर्ची त्यांच्याकडे बघायची. मरणाची त्यांना भीती नव्हती, खुर्चीची होती.

म्हणून जून उजाडल्यावर लपवाछपवी सुरू झाली. उजवा हात पँटच्या खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी त्यांनी ती मूठ झाकली. फळ्यावर शब्द लिहायचा झाला तर मनगट फळ्यावर दाबून, एक-दोन अक्षरं. नकाशाच्या तासाला खिळ्यावर छापील तक्ता टांगायचा. मुलं म्हणायची, ‘सर, एका रेघेतला काढा ना.’ ‘दसऱ्याला,’ ते म्हणायचे. दसरा लांब होता. जुलैत एकदा रिकाम्या वर्गात दार लावून त्यांनी खडू कच्छवर टेकवला आणि निघाले. मुंबईपर्यंत पोहोचले. मग ती रेघ त्यांनी डस्टरनं पुसली, ओल्या फडक्यानं पुन्हा पुसली, आणि पुढच्या तासाला पाच मिनिटं उशिरा गेले. एकतीस वर्षांत ते कधी उशिरा गेले नव्हते.

ऑगस्टात शाळेत यंत्र आलं. सातवीतल्या सिद्धीचे वडील, शंतनु, पुण्याहून बदलून आलेले, कॉम्प्युटरच्या कंपनीत. ओव्हरहेड प्रोजेक्टर गाडीत घालून ते स्वतः घेऊन आले. खाली दिव्याची पेटी, वर काच, काचेवर दांड्याला लावलेलं भिंग. काचेवर पारदर्शक कागद ठेवला की त्याच्यावरचं सगळं मागच्या भिंतीवर हत्तीएवढं होऊन पडतं.

‘सर, आमच्याकडे नवीन मॉडेल आलं, हा स्पेअर पडला होता,’ शंतनु म्हणाले. ‘मॅप्स मी ऑफिसमध्ये शीटवर प्रिंट करून देतो. तुम्हाला ड्रॉ करायचा त्रासच नको.’

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी विठोजीरावांकडे पाहिलं. यापूर्वी शाळेनं टीव्ही घेतला तेव्हा ते म्हणाले होते, ‘वर्गात पेटी आली की मेष्ट्रु पेटीमागे जातो.’ टेपरेकॉर्डर आला तेव्हा याहून कडू काहीतरी म्हणाले होते. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मंडळी कॉफी धरून बसली होती. मेष्ट्रु म्हणाले, ‘पहिला तास मला द्या.’

मुख्याध्यापिका श्यामला मॅडमना फार आनंद झाला. त्या मेष्ट्रूंच्याच जुन्या विद्यार्थिनी. आपल्या गुरूंना नव्या वाटेवर येताना बघून त्यांचे डोळे भरून आले. डोळे भरून येण्यासारखंच होतं ते, फक्त त्यांना कारण ठाऊक नव्हतं.

पहिले पंधरा दिवस मेष्ट्रूंना सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगा, त्या पेटीच्या ते पाया पडले असते. डाव्या हातानं कागद ठेवायचा, बटण दाबायचं, भिंतीवर रंगीत हिंदुस्थान उभा. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी. उजवा हात खिशात, डाव्या हातात छडी. ‘एवढी वर्षं उगाच यंत्रांना शिव्या घातल्या,’ ते सकवारबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘सरी, बरं झालं. जेवा आता.’ त्या दिवशी त्यांनी बऱ्याच महिन्यांनी दोनदा भात घेतला.

पण मास्तरकी अंगात मुरलेली. अर्धा अंधार करून शिकवताना त्यांना मुलांचे डोळे दिसेनासे झाले, आणि दिसले तेव्हा ते भिंतीवर नुसते टेकलेले दिसले. पेन्सिली बाकावर पडून. नकाशा आला की आला, एकदम, पुरा. त्याला सुरुवात नव्हती. त्याच्याबरोबर कुठून निघायचं आणि कुठे वळायचं हे कुणाला कळायला वाव नव्हता. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी यंत्र बंद केलं आणि सांगितलं, ‘वहीत हिंदुस्थान काढा. बघून नाही, मनानं.’

अठ्ठेचाळीस वह्या त्यांनी घरी आणल्या. कुणाचा फणस, कुणाचा पतंग, कुणाचा उलट्या टांगलेल्या वांग्यासारखा. गुजरात बहुतेकांनी काढलाच नव्हता. एकीनं लंका जोडून टाकली होती. एकतीस वर्षांत सातवीच्या मुलांनी त्यांच्यापुढे असला हिंदुस्थान कधी ठेवला नव्हता.

‘माझ्यामुळे झालं,’ ते म्हणाले.

‘मशीनमुळे झालं म्हणा,’ सकवारबाई म्हणाल्या.

‘मशीनला वर्गात कुणी आणलं? मीच. लपायला.’

त्या दिवशी त्यांना दोन्ही बाजूंनी भिंत लागली. हात दाखवावा तर खुर्ची, लपवावा तर अठ्ठेचाळीस फणस. देवापुढे बसून त्यांनी काही मागितलं नाही. काय मागावं हेच सुचेना.

दसऱ्याची सुट्टी लागायच्या दिवशी शाळा आयुधपूजा उरकून घ्यायची. बेंगळुरात त्या सुमाराला सायकलीपासून लेथपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. शाळेत पूजा फळ्याची, खडूंची आणि घंटेची. आणि पूजा झाली की सगळ्यांत जुन्या भूगोलाच्या मेष्ट्रूंनी फळ्यावर एका रेघेत नकाशा काढायचा, त्यात बेंगळुरूच्या जागी कुंकवाचं बोट टेकवायचं. मुलं खाली बसून त्यांच्याबरोबर तोच नकाशा वहीत काढायची आणि वर्षभर जपायची. ही प्रथा विठोजीरावांनीच पाडलेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पूजेच्या आठ दिवस आधी श्यामला मॅडमनी त्यांना बोलावलं. ‘मेष्ट्रे, या वर्षी आपण नव्या यंत्राची पूजा करू. नकाशाही त्याच्यावरच काढा. काचेवर कागद, त्यावर पेननं. मागे बसलेल्या मुलांनाही दिसेल. अध्यक्ष येणार आहेत, त्यांना फार आवडेल.’

मेष्ट्रूंनी खिशातली मूठ आणखी आत ढकलली. मग लख्ख सुचलं. फळा उभा, तिथे हात हवेत राहतो म्हणून कापतो. काच तर आडवी. मनगट, कोपर सगळं टेकवता येईल. ‘सरी,’ ते म्हणाले.

घरी त्यांनी लग्नातल्या फोटोची तसबीर उतरवली, काच काढली, खाटेवर पालथी उशी ठेवून त्यावर मांडली. शंतनुंनी दिलेली पेनं आणि कागद घेतले. कोपर दाबून, श्वास धरून, वीतभर हिंदुस्थान काढायचा सराव आठ दिवस चालला. रेघ येत होती. पूर्वीसारखी नाही, पण येत होती. चष्मा लावून बारीक पाहिलं तरच तिच्यात जरा कुसळं दिसायची. आठव्या दिवशी त्यांनी कागद सकवारबाईंसमोर धरला. त्या म्हणाल्या, ‘चांगला आलाय हो,’ आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांना खरंच चांगला वाटला.

यंत्र नकाशा मोठा करतं हे मेष्ट्रूंना ठाऊक होतं. रोज बघतच होते. ते हातही मोठा करेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पूजेच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. यंत्राला झेंडूची माळ, भिंगाच्या दांड्याला कुंकवाची तीन बोटं, पुढे लिंबू. चाकं नसलेल्या वस्तूपुढे लिंबू कशाला म्हणून आठवीचा भूगोल घेणाऱ्या सुचेता मिस हसल्या, पण कुणी काढलं नाही. दाराशी कोहळा फोडला. कडलेपुरीच्या, म्हणजे चणे-चुरमुऱ्यांच्या परडीभोवती लहान मुलं घोटाळत होती. अध्यक्ष पुढच्या खुर्चीत, शंतनु कॅमेरा घेऊन उभे. मेष्ट्रूंनी नवं धोतर नेसलं होतं. खिडक्यांचे खालचे पडदे ओढले, यंत्राचा पंखा घुमायला लागला, दिवा लागला.

या यंत्राची रीत अशी की काढणारा माणूस लोकांकडे तोंड करून उभा राहतो आणि भिंत त्याच्या पाठीमागे असते. काचेखालचा उजेड सरळ त्यांच्या डोळ्यांवर येत होता. पलीकडे नुसता काळोख. त्यांनी कोपर टेकवलं, कच्छवर पेन ठेवलं आणि म्हणाले, ‘माझा हात जिथे, तिथे तुमची पेन्सिल.’

ते निघाले. सौराष्ट्र आलं. खंबायत आलं. हॉल एकदम गप्प झाला. मेष्ट्रूंना ती शांतता ओळखीची वाटली. एकतीस वर्षं ती त्यांनी ऐकली होती. कोकण सुरू झालं तसे ते पाऊस सांगायला लागले. त्यांचा आवाज सुटला. काळोखातून शेकडो पेन्सिलींची कुरकुर येत होती, कित्येक महिन्यांनी. कारवार, मंगळूर, कोचीन. कन्याकुमारीला वळताना त्यांच्या मनात आलं, देवानं दिलं, यंत्राच्या रूपानं दिलं. बंगाल झाला, हिमालय झाला. रेघ कच्छला येऊन मिळाली. काचेवर त्यांनी नजर टाकली. आठ दिवसांतला सगळ्यांत चांगला नकाशा होता तो. करंगळी कुंकवात बुडवून त्यांनी बेंगळुरूच्या जागी टेकवली आणि हसत मान वर केली.

टाळ्या पडल्या नाहीत. डोळे काळोखाला सरावले तसे चेहरे दिसायला लागले. अध्यक्ष बुटांकडे बघत होते. शंतनुंनी कॅमेरा खाली केला होता. श्यामला मॅडमच्या तोंडावर रुमाल होता. मेष्ट्रु मागे वळले.

भिंतभर हिंदुस्थान होता आणि त्याला करवतीचे दात होते. कोकणचा सरळ उतार दातरा, केरळ दातरा, पूर्वेचा किनारा वर जाताना जास्तच कापलेला. काचेवरच्या एकेका कुसळाचा भिंतीवर बोटबोट लांब काटा झाला होता. हे सगळं होत असताना त्यांच्या हाताची सावली, दोन पुरुष उंच, याच भिंतीवर थरथरत फिरली होती आणि अख्ख्या शाळेनं ती पाहिली होती. पाहिली नव्हती ती फक्त त्यांनी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतकं शब्दशः कुणाच्या वाट्याला येऊ नये.

त्यांनी बटण बंद केलं. कडलेपुरी वाटली गेली. सातवीच्या मुलांनी रीतीप्रमाणे वह्या गठ्ठ्यानं त्यांच्या टेबलावर आणून ठेवल्या. शंतनु जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘सर, मला आधी सांगायचं ना. मी प्रिंट काढून दिली असती. कुणाला कळलंही नसतं.’ मनानं भला माणूस. मेष्ट्रूंनी डाव्या हातानं त्यांचा खांदा थोपटला, कारण उजवा आता कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

सुट्टीचे पहिले दहा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. सोनं द्यायला नातेवाईक आले त्यांना सकवारबाईंनी ‘ताप आहे’ म्हणून सांगितलं. नवरा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला बघून त्यांनी एकदा लेकीला फोन करायला घेतला, आणि काय सांगायचं ते न सुचून ठेवून दिला. अकराव्या दिवशी सकवारबाईंनी पूजेच्या दिवसापासून दाराशी पडलेला वह्यांचा गठ्ठा उचलला आणि त्यांच्या पुढ्यात टाकला. ‘पोरांच्या आहेत. तपासायच्या नसल्या तर तसं सांगा, परत देऊन येते.’

मेष्ट्रूंनी पहिली वही उघडली. मग दुसरी. मग ते उठून बसले.

गुजरात होता. सगळ्यांचा होता, जागेवर होता. बंगाल होता, ईशान्येची पिशवी बरोबर लोंबत होती, लंका सुटी होती. एकही फणस नाही. ज्या मुलांना तीन आठवड्यांपूर्वी हिंदुस्थान कुठून सुरू होतो ते ठाऊक नव्हतं त्यांनी तो कच्छपासून कच्छपर्यंत एका रेघेत काढला होता. ‘सकवार,’ त्यांनी हाक मारली, ‘इकडे ये. पोरांना आलं. हात चालताना दिसला, आणि आलं.’ ते रडत होते आणि वह्या उलटत होते. नकाशाचे किनारे कसे आहेत हे सकवारबाईंना त्यांच्या खांद्यावरून दिसलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

शाळा उघडायच्या दिवशी ते घंटेच्या आधी श्यामला मॅडमच्या खोलीत गेले. दोन्ही वेळचे नकाशे त्यांच्यापुढे मांडले.

‘मॅडम, हे सप्टेंबरचे. हे पूजेचे. तुम्हीच बघा. तयार नकाशा दाखवला तर मुलांना येत नाही. माझ्या हातामागून आली की येतो. यंत्र असू दे, मी नाही म्हणत नाही. फळ्यावर मला आता जमायचं नाही, काचेवर जमतं. मी काचेवर काढत जाईन. दोन वर्षं तेवढं करू द्या.’ आयुष्यात पहिल्यांदा ते कुणापुढे हात जोडून उभे होते, आणि जोडलेले हात कापत होते.

श्यामला मॅडमनी चार-सहा वह्या उलटल्या. मग एका वहीत कोकणावर बोट ठेवलं. ‘मेष्ट्रे, हे काय आहे?’

‘किनारा.’

‘असा असतो?’

मेष्ट्रूंनी वाकून बघितलं. दातरा होता. दुसरी वही उघडली, दातरा. तिसरी. अठ्ठेचाळीस वह्यांत तोच किनारा, तेच काटे, कुणी एकही गाळला नव्हता. मुलं कुचेष्टा करत नव्हती. बारा वर्षांच्या पोरांनी जीव ओतून, सरांनी काढलं तसं काढलं होतं. इतके दिवस त्यांनी गुजरात बघितला, बंगाल बघितला, आणि हे त्यांना दिसलं नव्हतं.

‘एकालाही वाटलं नाही की काहीतरी चुकलंय,’ श्यामला मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. ‘मी त्या वर्गात असते तर मीही असाच काढला असता. तुम्हीच शिकवलंत, मी काढीन तेच काढायचं.’ त्यांनी वही मिटली. ‘दिवाळीनंतर सातवीचा भूगोल सुचेता घेईल. अध्यक्षांनी सांगितलंय. तुम्हाला कुठे जायचं नाही, वाचनालयाशेजारी खुर्ची आहेच. स्वल्प विश्रांती घ्या, मेष्ट्रे. मला माफ करा.’

‘आजचा तास माझा आहे ना?’ एवढंच मेष्ट्रूंनी विचारलं.

वर्गात त्यांनी वह्या वाटल्या. मुलं खाली माना घालून बसली होती. घरोघरी काय बोलणं झालं असेल ते दिसत होतं. यंत्र कोपऱ्यात, सुकलेल्या झेंडूच्या माळेसकट. मेष्ट्रु म्हणाले, ‘पूजेचा नकाशा उघडा. गुजरात सगळ्यांचा छान आलाय. कोकणचा किनारा मात्र सरळ असतो. केरळचाही. खोडरबर घ्या.’

कुणी हललं नाही. सिद्धी उभी राहिली. वर्गात इंग्रजीत बोलायचं हे विसरून ती मराठीत म्हणाली, ‘सर, पण तुम्ही तसाच काढला होता. मी सगळं बघून काढलंय. एक पण मिस नाही केलं.’

‘ठाऊक आहे, बाळ. ते माझं चुकलं होतं.’

‘पूजेचा आहे, सर.’

ती बसली, पण रबर तिनं मुठीत घट्ट धरून ठेवलं. मेष्ट्रु तिच्या बाकापाशी गेले. जूनपासून खिशात ठेवलेला हात त्यांनी सगळ्या वर्गादेखत बाहेर काढला, तिची मूठ सोडवून रबर घेतलं आणि मुंबईपासून खाली खोडायला सुरुवात केली. हात कापत होता. खोडायला कापरा हात चालतो. उलट जरा लवकरच होतं. कन्याकुमारीपर्यंतची रेघ स्वच्छ निघाली. त्यांनी कागदावर फुंकर मारली आणि तिच्या हातात पेन्सिल दिली.

मग शेजारच्या मुलीनं आपली वही त्यांच्यापुढे सरकवली. तिच्या मागच्या बाकावरून आणखी दोन आल्या. घंटा होईपर्यंत मेष्ट्रु बाकाबाकावरून जात एकेक किनारा खोडत राहिले.